गाठीशी अर्धा डीबी

"मास्तर, तुम्ही आत्ता फोनवर कुणाला काय सांगितलंत?" मॅडमनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"कुणाला काही नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. गेल्या दहा मिनिटांत त्यांनी सहा ठिकाणी सहा फोन केले होते आणि सहाही ठिकाणी एकच गोष्ट सांगितली होती, की थोडं वाढव. आता ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मास्तरांना मुळीच वाटत नव्हतं.

पडद्यावर, पलीकडच्या टोकाला पोचलेल्या सिग्नलचे, सोळा ठिपके दिसायला हवे होते. चार ओळींत चार-चार, सुटे आणि स्वच्छ. सकाळी ते निदान सोळा असावेत असा संशय तरी घेता येत होता. मास्तरांच्या फोननंतर सगळ्यांचा मिळून एक धुरकट डाग झाला होता, आणि खालचा चुकांचा आकडा इतका भराभर पळत होता की तो वाचायचीही सोय राहिली नव्हती.

"वाढवलंत ना?"

"किंचित."

"किती किंचित?"

"अर्धा डीबी. प्रत्येकी." मास्तरांनी आवाज सावरला. "अहो, पलीकडे नीट दिसत नाहीये, तर उजेड वाढवायचा की कमी करायचा? दिसत नाही म्हणून दिवा मंद करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही."

मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. नव्या वेगवान पद्धतीने सिग्नल पाठवणारी कार्डं घेऊन मुख्य कार्यालयातून सोमवारी आल्या होत्या आणि शुक्रवारपर्यंत चाचणीचा अहवाल देऊन परत जायच्या होत्या. मास्तरांच्या वयाचा मान राखून त्या वाद घालत बसल्या नाहीत. सहाही ठिकाणी वाढवलेलं उतरवायला त्यांनी सांगितलं, मास्तरांनी पुन्हा सहा फोन केले, आणि डागाचे परत सोळा संशय झाले.

जमिनीखालून गेलेली ही काचेच्या तंतूची लाइन चारशे किलोमीटरहून लांब होती. एवढ्या वाटेत प्रकाश थकतो, म्हणून साठेक किलोमीटरवर एकेक केबिन, केबिनीत प्रकाशाला पुन्हा जोर देणारं यंत्र (हा जोर डीबीत मोजतात), आणि यंत्राशेजारी ते सांभाळणारा एक माणूस. अशा सहा केबिनी. लाइन टाकली तेव्हा खड्ड्यात मांडी घालून तंतू जोडणाऱ्यांत मास्तर होते. नंतरची बावीस वर्षं त्यांनी इथे, लाइनीच्या टोकाच्या ठाण्यात, म्हणजे टर्मिनलच्या मागच्या खोलीत फळा लावून केबिनवाले घडवले. हुद्दा त्यांचा सीनियर टेक्निशियन, पण ते फक्त पगाराच्या कागदाला माहीत. बाकी जगाचे ते मास्तर. मोठे साहेबसुद्धा मास्तरच म्हणत, आणि मास्तरांना त्यापलीकडे कुठली पदवी नको होती.

मास्तर शिकवायचे चांगलं. फक्त वर्गाच्या तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर, ते पुस्तक मिटून ठेवत, दार लोटून घेत आणि पुस्तकात नसलेला धडा देत. लाइन पहिल्यांदा सुरू झाली त्या सकाळी पलीकडच्या टोकाला सिग्नल लटपटत होता, मोठमोठे साहेब घाम पुसत होते, आणि मास्तरांनी कुणाला न विचारता इथलं बटण अर्ध्या डीबीने पुढे सरकवलं. लाइन लागली. तेव्हा बाळांनो, मास्तर म्हणत, आराखडा काही म्हणो, गाठीशी अर्धा डीबी असू द्यावा. फॉर्मवर मात्र आराखड्यातलाच आकडा लिहावा, उगाच वरच्यांच्या डोक्याला ताप नको.

यात एकच गोष्ट मास्तर सांगत नसत. त्याच सकाळी, त्याच मिनिटाला, पलीकडे तंतूच्या टोकाचा धुळकट कनेक्टर कुणीतरी फडक्याने पुसला होता. लाइन लागली ती त्या फडक्याच्या पुण्याईने. हे मास्तरांना दोन वर्षांनी कळलं. पण तोवर तीन तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या, आणि गोष्ट सांगायला तर छानच होती.

"आता हे बघा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या कार्डातून सुटणारा प्रकाश तेवढ्यापुरता एका डीबीने कमी केला.

मास्तर पुढे वाकले. ठिपके किंचित आवळले होते.

"जुन्या पद्धतीत आपण उजेड आहे की नाही एवढंच बघत होतो," मॅडम म्हणाल्या. "आता उजेड किती आणि लाट कुठल्या टप्प्यावर आहे, या दोन्ही मिळून सोळा खुणा केल्यात. आणि काचेत प्रकाश फार कोंबला ना मास्तर, की काचेचाच गुण जरासा बदलतो. लाट आपल्याच जोराने आपली चाल बिघडवते. उजेड आहे की नाही एवढंच विचारणाऱ्याला ते कळणारही नाही. चाल बघणाऱ्याचा मात्र घात होतो."

"म्हणजे फार झालं म्हणून दिसत नाही?"

"फार झालं म्हणून. इथून आणखी उतरवलं तर पहिल्या केबिनीपर्यंत पोचता पोचता सिग्नल खरखरेल, त्यामुळे तेही जमणार नाही." त्यांनी फॉर्मांची चळत उचलली. सहा केबिनी, दर महिन्याचे फॉर्म, सगळ्यांवर तेच आकडे आणि खाली मास्तरांची सही. "मला वाटलं होतं कुठेतरी ताकद जास्त असेल. पण सगळं आराखड्याप्रमाणे आहे. एवढ्याच ताकदीला ही काच बिघडत असेल, तर काचच जुनी झाली. मला तसंच लिहावं लागेल."

"लिहिलं तर काय होईल?"

"ही लाइन बंद करतील. नवा मार्ग भाड्याने घेतील. केबिनी मोडीत निघतील." मॅडमनी आवाज खाली आणला. "सहा माणसं आहेत ना तिथे? मला वाईट वाटतं, खरंच."

मास्तर बोटांची पेरं मोजू लागले. त्यांच्या डोक्यात पाढा सुरू झाला होता. इथला अर्धा, पहिल्या केबिनीचा त्यावर अर्धा, दुसरीचा त्याच्यावर आणखी. एकाने वाढवलेलं दुसऱ्याला आयतं मिळणार आणि त्यावर दुसरा आपलं घालणार. एका भांड्यातलं मीठ येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने चिमूटभर वाढवावं, तसला प्रकार. काच ठणठणीत होती. काच त्यांनी स्वतः जोडली होती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको कुंड्यांना पाणी घालत होती. मास्तरांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं, अगदी कनेक्टर पुसणाऱ्या फडक्यासकट. बायकोने झारी खाली ठेवली नाही, पण एकाच कुंडीला ती फार वेळ पाणी घालत राहिली.

"अहो, अर्धा डीबी म्हणजे किती?"

"शेकडा बाराच्या आसपास."

"आणि तो घातला नसता तर?"

"काही झालं नसतं."

"मग घातलात कशाला?"

बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मास्तरांनी पायरीवरची माती बोटाने झाडली. "मनाला बरं वाटतं गं."

"कुणाच्या?"

"माझ्याच. आणि मग त्यांच्याही."

"छान. आता सहाही जण घरी बसून बरं वाटून घेतील."

"मी तोंड उघडलं तर माझा वर्ग जाईल. आठ महिने राहिलेत नोकरीचे. मास्तर म्हणून जगलो, मास्तर म्हणून जावं एवढंच होतं मनात."

जाणार नाही हो, असं बायको म्हणेल अशी त्यांना आशा होती. ती तशातली नव्हती. "जाईलच," ती म्हणाली. "पण नाही उघडलंत, तर वर्गात बसवणार कुणाला?" आणि कुंडीखालून वाहणारं पाणी बघून तिने त्यांनाच फडकं आणायला पिटाळलं.

सकाळी मास्तरांनी मधला मार्ग काढला. भित्र्या माणसाला मधला मार्ग नेमका सापडतो. "मॅडम, अहवाल लिहायच्या आधी एकदा केबिनींचे मीटर डोळ्यांनी बघून येऊ. फॉर्मचं काय, फॉर्म म्हणजे शेवटी कागद." त्यांचा बेत असा होता की मॅडमना गाडीतच बसवायचं, आपण आत जाऊन बटण गुपचूप मागे घ्यायचं, आणि सहा केबिनींनंतर काच आपोआप तरुण झाली म्हणून आश्चर्य करायचं.

पहिल्याच केबिनीत बेत फसला, कारण मॅडम गाडीत बसल्या नाहीत. मास्तरांच्या आधी त्या मीटरपाशी पोचल्या.

या केबिनवाल्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो फुंकर मारली तर उडेल इतका किडकिडीत होता. मॅडमनी मीटर वाचला, कागदाशी ताडला, पुन्हा वाचला. "हे एका डीबीने जास्त आहे."

अर्धा इथला आणि अर्धा आपला, मास्तरांनी मनात हिशेब केला.

पैलवानाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पंख्याकडे पाहिलं. पैलवान समजला, आणि त्याने छाती होती तेवढी पुढे काढली. "मीटर खोटं दाखवतंय मॅडम."

मॅडमनी पिशवीतून आपला मीटर काढून जोडला. तोही तेच खोटं बोलला.

"मग माझाच धक्का लागला असेल. झाडताना."

"धक्का बरोबर एवढाच लागला?"

"मोजून मापून लागला मॅडम. माझीच चूक. अहवालात माझं नाव घाला. मास्तरांचा यात काही संबंध नाही." कुणी मास्तरांचं नावही काढलं नव्हतं, पण पैलवानाला खोटं बोलायची सवय नव्हती, तेव्हा ते थोडं सांडणारच.

मास्तरांना पंख्याकडे बघत राहणं अशक्य झालं. हा पोरगा सतरा वर्षांपूर्वी वर्गात आला तेव्हा हातात पेचकस धरायला घाबरत होता. आज तो दोन लेकरांचा बाप होता आणि आपल्या मास्तरांसाठी सरळ नोकरीवर पाणी सोडत होता, आणि मास्तर पंख्याची पाती मोजत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

"धक्का नाही," ते म्हणाले. "मी शिकवलंय. सगळ्यांना शिकवलंय. पहिला अर्धा माझाच आहे, टर्मिनलवर, बावीस वर्षांचा. आणि तोसुद्धा फुकटचा." मग त्यांनी फडक्याची गोष्टही सांगून टाकली.

पैलवानाचा चेहरा उतरला. अर्ध्या डीबीचं त्याला काही वाटलं नव्हतं, त्याला फडकं लागलं. तो धडा त्याने स्वतःच्या मुलांनाही सांगितला होता.

मॅडमनी कागदाची घडी घातली. त्या रागावल्या असणार, पण त्यांच्या आवाजात राग कमी आणि हायसं वाटणं जास्त होतं. "म्हणजे काच चांगली आहे?"

"काच सोन्यासारखी आहे."

"मग चला. अजून पाच ठिकाणचे धक्के मोजायचेत."

दुसऱ्या केबिनीत एकाऐवजी दोन अर्धे निघाले. आधीच्या माणसाने वाढवलं होतं की नाही याची खात्री नसल्यामुळे नव्याने आल्याबरोबर आपला अर्धा घातला होता, सुरक्षित असावं म्हणून. तिसऱ्यात केबिनवाल्याने बटणावर, मास्तरांच्या अर्ध्याशी, बायकोच्या नखांना लावायच्या लाल रंगाची खूण केली होती आणि ती तो कौतुकाने दाखवत होता. मास्तर प्रत्येक ठिकाणी बटण मागे घेऊन तीच कबुली देत, माणूस ऐकत राही, आणि शेवटी न चुकता म्हणे, "पण मास्तर, थोडं तर असायला हवं ना?" बावीस वर्षं मेहनतीने ठोकलेला खिळा असा हाताने ओढून निघतो थोडाच. तिसऱ्या केबिनीपर्यंत मास्तरांचा घसा बसला, आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

गुरुवारी सकाळी चौथी केबिन. इथला माणूस झोपाळू म्हणून लाइनभर प्रसिद्ध होता. मास्तर त्याचं उदाहरण प्रत्येक नव्या तुकडीला देत, कसं वागू नये याचं.

मॅडमनी मीटर लावला. वाचला. आलेला प्रकाश किती, दिलेला जोर किती, दोन्हींची वजाबाकी केली. "हा जोर आराखड्याप्रमाणे आहे. अगदी काट्यावर."

"असं कसं?" मास्तर म्हणाले. "अरे, गाठीशी अर्धा ठेवायचा, सांगितलं होतं ना?"

"कधी मास्तर?"

"वर्गात. तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर."

"जेवणानंतर होय," झोपाळू म्हणाला. त्याला सगळा उलगडा झाला.

"आणि परवा फोनवर थोडं वाढव म्हणालो, तेव्हा हो म्हणालास की."

"तुम्हाला नाही कसं म्हणणार? हो म्हटलं. पण किती ते तुम्ही सांगितलं नाहीत. म्हटलं येईल परत फोन. मग परत फोन आला तर तुम्ही म्हणालात उतरव. म्हटलं बरं झालं."

मॅडमनी त्याची पाठ थोपटली आणि लाइनीवरचा सर्वात काटेकोर माणूस म्हणून त्याचं नाव वहीत लिहून घेतलं. झोपाळूच्या नावापुढे चांगला शेरा पडण्याची ती पहिलीच वेळ. मास्तर बाहेर जाऊन गाडीला टेकून उभे राहिले. आधी त्यांना हसू आलं, आणि मग ते आवरेना. त्यांच्या उत्तम विद्यार्थ्यांनी लाइन बुडवत आणली होती, आणि जो ऐकत नव्हता त्याने तेवढी आपली जागा शाबूत ठेवली होती.

पाचवी आणि सहावी केबिन उरकून संध्याकाळी ते टर्मिनलवर परतले. शेवटचं बटण तिथलं होतं, मास्तरांचं. ते बावीस वर्षांत जागेवरून हललं नव्हतं, त्यामुळे आता हलायला तयार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मी बघू का. मास्तर म्हणाले, नको. त्यांनी दोन थेंब तेल सोडलं, थोडा वेळ थांबले, आणि अंगठ्याने ते अगदी हळू मागे आणलं. सगळे मिळून साडेतीन डीबी होत होते. शेवटच्या टप्प्यात काचेला नेमलेल्या उजेडाच्या दुपटीहून जास्त सोसावं लागत होतं, आणि हे सगळं कुणाचं वाईट चिंतून नव्हे, काळजीपोटी.

शुक्रवारी चाचणी झाली. पडद्यावर सोळा ठिपके होते. मास्तरांनी ते बोट लावून मोजले, आणि मॅडमनी मोजू दिले.

अहवालात मॅडमनी लिहिलं होतं, "सेटिंगमध्ये किरकोळ तफावत आढळली, ती दुरुस्त केली." नाव कुणाचंच नव्हतं. त्यांनी कागद मास्तरांपुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एवढं पुरे आहे. तंत्राच्या दृष्टीने खोटंही नाही."

मास्तरांना मोह झाला, नाही कशाला म्हणा. माणूसच ते. पण तफावत आढळली म्हटलं की कुणीतरी विचारणार कुठे आढळली, आणि मग केबिनींचे नंबर निघणार, आणि नंबरामागे पैलवान आणि बाकीचे. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मॅडमच्या सुबक टंकलेल्या ओळींखाली आपल्या फळ्यावरच्या गोल अक्षरात अर्धं पान लिहिलं. पहिला अर्धा डीबी माझा. बाकीचे माझ्या शिकवण्यामुळे. केबिनवाल्यांनी सांगितलं तसं केलं, त्यांच्याकडे दोष नाही. चौथ्या केबिनीने तेही केलं नाही, त्याची नोंद घ्यावी. खाली सही.

मुख्य कार्यालयाचं पत्र यायला तीन आठवडे लागले. लाइन चालू राहील. केबिनी आणि माणसं आहेत तशी राहतील. सीनियर टेक्निशियन यांच्याकडील प्रशिक्षणाचं काम काढून घेण्यात येत आहे. त्यांनी आणि सर्व केबिनवाल्यांनी नव्या पद्धतीचं प्रशिक्षण मॅडमकडे पुन्हा पूर्ण करावं. मास्तरांनी पत्र घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "वर्गाचं वाईट वाटतं हो मला. पण तुम्ही बरं केलंत." मास्तरांनाही वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

सोमवारी सकाळी सहाही केबिनवाले इस्त्रीचे कपडे घालून मागच्या खोलीत आले. मास्तर त्यांच्याही आधी आले होते. त्यांनी फळा पुसला, खडू ठेवला, खिडकी उघडली, आणि मॅडम दारात दिसल्यावर फळ्यापासून निघून शेवटच्या बाकावर झोपाळूच्या शेजारी जाऊन बसले. बाक बुटका होता. गुडघे आत जाईनात, म्हणून त्यांना जरा तिरकंच बसावं लागलं. पुढचे पाच जण मागे वळून बघत होते.

मॅडमनी हजेरीपट उघडला. सहा नावं झाली, सहा जणांनी बसल्या जागी हात वर केला. मग त्यांनी सातवं नाव वाचलं, पगाराच्या कागदावरचं, जे त्या खोलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."

मास्तर उभे राहिलेले दिसल्याबरोबर पैलवान उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि शेवटी डोळे चोळत झोपाळूसुद्धा. मॅडमनी हजेरीपट मिटला. मग त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, पण मास्तर बसेपर्यंत कुणीच बसलं नाही.